आरशाची जागा

तिने चिकटपट्टी चर्रकन फाडली आणि सुट्टीच्या दुपारची शांतता मोडली. कार कंपनीत नव्या गाड्यांची आतली मांडणी ठरवणं हेच तिचं काम. तिने स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या, समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला पुठ्ठ्याची स्क्रीन चिकटवली आणि पुढच्या खुर्चीत बसून पाहिलं. मान खाली घालावी लागत नव्हती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आलाच. "अहो, स्क्रीन खाली गिअरपाशी बसवा आणि मोकळ्या व्हा. वर आरसा आहे ना."

"मग आरसा काढा. मागचा रस्ता स्क्रीनवरच दाखवू. चालवणाऱ्याला खाली बघायला लावणाऱ्या गाडीवर माझी सही मिळणार नाही. हवं तर मला काढा."

 साहेब म्हणाले, "बरं बाई, तुमचंच खरं."

तिने ऐटीत हवेतलं स्टिअरिंग गर्रकन फिरवलं. मागच्या खुर्चीत, आईचा स्कार्फ पट्ट्यासारखा बांधून बसलेली पाच वर्षांची लेक मघापासून त्या पुठ्ठ्याकडे बघत होती.



"आई, आरशात मी तुला दिसायचे. आता मागे बसून मी गुपचूप रडले, तर तुला कसं कळणार?"