सरावाची क्लायंट

पडद्यावर स्वतःचाच चेहरा उमटला तेव्हा जोनाला वाटलं, मारिटने चुकून भलताच व्हिडिओ लावला. तिने मान वळवून शेजारी पाहिलं. मारिट पडद्याकडे बघत होती, पाठ ताठ, हात मांडीवर. चुकून काही झालेलं नव्हतं.

मिनेसोटातल्या त्या विद्यापीठात मानसोपचाराच्या पीएच.डी.ला यंदा आठ जण होते. खऱ्या रुग्णासमोर बसू देण्याआधी विभाग त्यांना एकमेकांसमोर बसवायचा. एक उपचारक, एक क्लायंट, बाजूला कॅमेरा. जोडीने दोनदा बसायचं आणि त्यातला एक व्हिडिओ उपचारकाने निवडून परीक्षेला वर्गात दाखवायचा. पास झालं तर मार्चपासून दवाखान्यात, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. संमतीच्या कागदावर सगळ्यांनी पहिल्याच दिवशी सह्या केल्या होत्या. "अडचण लहानशी घ्या," डॉ. लिंडक्विस्टनी तेव्हाच बजावलं होतं. "पार्किंग, रूममेट, फार तर वजन. घरातली मोठी दुखणी इथे आणायची नाहीत."

जोनाने पहिल्या वेळी पार्किंगच घेतलं होतं. दुसऱ्या वेळीही तेच ठरवून बसली होती. पण मारिट अशी काही बघत होती की तोंडून दुसरंच निघालं. कॅमेरा बंद झाल्यावर मारिटने तिला घट्ट धरलं होतं. "मी पार्किंगवालाच देणार आहे गं. हा आज घरी जायच्या आत पुसते."

"तीन तास रडत होती," पडद्यावरची जोना सांगत होती. "पाजलं, कपडे बदलले, खांद्यावर घेऊन फिरले. मग तिला पाळण्यात ठेवलं, दार लावून घेतलं आणि गाडीत जाऊन बसले. नुसतीच बसणार होते. पण किल्ली फिरवली."

पडद्यावरची मारिट किंचित पुढे झुकली.

"गोठलेल्या तळ्यापर्यंत गेले. बर्फावर मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या आहेत ना, त्यांच्याकडे बघत राहिले. चाळीस मिनिटं. घरात दुसरं कुणी नव्हतं." जोना थांबली. बराच वेळ थांबली. "परत आले तर झोपली होती. पायातला एक मोजा काढून मुठीत धरला होता. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही."

वर्गात कुणाची तरी खुर्ची करकरली. जोनाने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. 'थांबवा' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तसं म्हटलं की हे खरं आहे, हे सगळ्यांना कळणार. गप्प बसलं तर निदान काही जणांना अभिनय वाटेल.

"जोना, तू चुकीच्या इमारतीत आलीस बाई," मागून डेझमंड म्हणाला. "नाटक शिकवतात ते रस्त्यापलीकडे. माझा क्लायंट कुत्र्याच्या खाण्यावर वीस मिनिटं बोलला, माझं नशीब बघा!"

सगळे हसले. जोनाही हसली. एकटी प्रिसिला हसली नाही. विभागाच्या सहलीत जोनाच्या तान्ह्या पेनीला तासभर तिनेच खांद्यावर झोपवलं होतं. ती जोनाकडे बघत होती, आणि जोनाने तिच्याकडे बघायचं टाळलं.

डॉ. लिंडक्विस्टनी व्हिडिओ थांबवला, थोडा मागे नेला. "इकडे लक्ष द्या. नऊ सेकंद. मारिट नऊ सेकंद तोंड उघडत नाही. तुमच्यापैकी कुणीही इथे 'किती कठीण गेलं असेल तुला' म्हणून मोकळा झाला असता. आणि मोजा आपल्याला कधीच कळला नसता."

त्यांनी तेवढाच भाग पुन्हा लावला. मग आणखी एकदा, आवाज वाढवून.

"पुसते म्हणाली होतीस," जोना ओठ न हलवता म्हणाली.

"पार्किंगवाल्यात मी नुसती बडबडले होते गं." मारिटची कुजबुज चिरकली. "नापास झाले असते. आणि तुझ्या पेनीचं नाव कुठे आलंय यात?"

"मग व्हायचं होतंस नापास."

मारिटने खाली बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. जोनाला त्यांची सवय होती. दुसऱ्याचं ऐकतानाही ते असेच भरून यायचे, आणि म्हणूनच तर त्या दिवशी ती बोलली होती.

दिवे लागले. डॉ. लिंडक्विस्टनी मारिटच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि समाधानाने पेनाला टोपण लावलं. "मार्चमध्ये भेटू दवाखान्यात," त्या तिला म्हणाल्या. मग जोनाकडे वळल्या. परीक्षेत शेवटचा प्रश्न नेहमी क्लायंटला असायचा.

"जोना, हे तू रचलंस की तुझं आहे, ते मी विचारणार नाही. तो तुझा प्रश्न. पण त्या नऊ सेकंदांत क्लायंट म्हणून तुला काय वाटलं, तेवढं सांग. खरं सांग, म्हणजे बाकीच्यांना उपयोग होईल."

मारिट श्वास रोखून बसली होती. या घटकेला जोना काहीही म्हणू शकली असती, आणि मारिटला ते ठाऊक होतं.

"मला वाटलं," जोना म्हणाली, "हिला सांगितलं तर चालेल."

"सुरेख," डॉ. लिंडक्विस्ट म्हणाल्या. "हे जसंच्या तसं उतरवून घ्या."

सहा माना वह्यांवर झुकल्या. थोड्या वेळाने सातवी, मारिटची.