दोन कार्बुरेटर, एक सूर

कॉव्हेंट्रीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिक पर्गेटरने रबरी नळी कानाला लावून जुन्या मोटारीचे दोन्ही कार्बुरेटर आळीपाळीने ऐकले.

"अगं रोवेना, कशी सुरात चाललीय! तुझ्या नवऱ्याचा हात लागलाय हिला. मी काय दुरुस्त करू, माझं कपाळ?"

"स्क्रू फिरवा, मिस्टर पर्गेटर. आवाज बदलून द्या."

"वेड लागलंय का तुला? हा सूर जुळवायला गॅरेथने दहा वर्षं घातली. त्याला मातीत ठेवून महिना नाही झाला, आणि तू बिघडवायला निघालीस!"

रोवेनाने इंजिन बंद केलं.

 

 

"गाडी गल्लीत वळली की पोरगी अजून 'डॅडी आला' म्हणत फाटकाशी धावत येते. आणि गाडीतून उतरते मी."