पुढची पानं

"भुतांशी ओळख करायची तर आधी म्हाताऱ्या भुतांशी कर," म्हणत शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी मला दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकांच्या भयकथांचं पुस्तक दिलं. शेवटच्या कथेत रिकाम्या खोलीचं दार आतून वाजलं, आणि पुढची पानंच गायब!

"मीच फाडली," बाबा चहा ढवळत म्हणाले. "घाबरली असतीस. तुझ्याच भल्यासाठी गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरमिरीत मी उरलेली कथा स्वतःच लिहून काढली आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या पुढ्यात आपटली. वाचता वाचता त्यांचा चहा गार झाला.

"अगं, पण दारामागे होतं कोण? शेवटचं पान कुठाय?"

"फाडलं, बाबा. तुमच्याच भल्यासाठी."