ढोलावरचा भंडारा

माझा सिद्ध्या सोलापुरात नाटककंपनीचा संगीतकार झाला तवा म्हणला, "आपल्या ढोलाला बकऱ्याचा वास मारतो." मग पेटीवर पदं रचली, तबकड्या काढल्या, आता म्हणं इंग्रजी बाजाबी घालतो. जितं टाळ्या, तितं ह्याची चाल. परवा मोटारीतनं गावाकडं वळसंगला उतरला. "आये, लोकांना आता गावरान चाली लागत्यात. आबाचा ढोल दे की." म्हणलं, "वास गेला व्हय रं त्याचा?" तरी बापाचा वारसा, म्हणून देवापुढचा ढोल उतरवून त्याच्या मांडीवर दिला. ह्यानं अत्तराचा रुमाल काढला आन् ढोलावरचा देवाचा भंडारा खसाखसा पुसला. मी ढोल हिसकून घेतला. "आये, कोट पिवळा झाला असता की!" "शेरडं राखायला जाताना हाच कपाळाला लावायचास, लेका." रुमालाला भंडारा लागला होता, म्हणून तेवढा रुमाल देव्हाऱ्यात ठेवला. संगीतकाराला रिकाम्या हातानं वाटंला लावलं.