डोळे बांधून चहा

विज्ञानाच्या बाईंनी वर्गाला गृहपाठ दिला, "घरात सगळे मानतात अशी एक गोष्ट निवडा आणि प्रयोग करून तपासा."

त्याच वर्गातल्या त्यांच्या लेकीने ठरवलं, आईचा चहा बाबांच्या चहापेक्षा खरंच चांगला असतो का ते बघायचं. तिने आजीचे, म्हणजे बाईंच्या सासूबाईंचे, डोळे बांधले आणि एकसारख्या कपांतून दोन्ही चहा पाजले. आजीने बाबांच्या चहाला पहिला नंबर दिला.

"पुरावा म्हणजे पुरावा! आता रोज सकाळी उठून चहा मीच करणार," बाबांनी छाती फुगवून जाहीर केलं. बाई मात्र हिरमुसून कप विसळायला गेल्या.

मागोमाग सासूबाई आल्या आणि कानाशी लागल्या, "अगं, तुझा चहा मी पहिल्याच घोटाला ओळखला होता. उद्यापासून जरा उशिरापर्यंत झोप."