त्रिंबकरावांनी आधीच ऐकलेली गोष्ट

धारच्या गणेशोत्सवात भुताची नवीकोरी गोष्ट वाचायचं मी कबूल करून बसलो होतो. पण जी रचावी ती मित्र त्रिंबकरावांनी आधीच ऐकलेली! "घुंगरांचा आवाज? अहो, मांडूला कमानीगणिक एकेक नाचतेय. विहिरीतली बाई? इथं जवळ नालछ्यालाच दोन आहेत."

वाचन उद्यावर आलं. वैतागून त्यांच्याकडे निघालो, तर वाटेतच सुचलं: आरशातला माणूस जांभई देतो, आणि बाहेरच्याला झोपच आलेली नसते. कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

ओसरीवर टेकताच ती सांगितली.

"ऐकलीय," त्रिंबकराव म्हणाले.

मी भडकलो. "कुणाकडून?"

"तुमच्याकडूनच की, भिया! मघाशी इथंच बसून सांगितलीत. विडा खाल्लात नि उठून गेलात."

"मी आत्ता येतोय! आज पानाला हातसुद्धा लावलेला नाही."

विडा लावताना पानाचं टोक खुडून कानशिलाला चिकटवायची माझी जुनी खोड त्रिंबकरावांना ठाऊक होती. ते नुसते माझ्या कानशिलाकडे पाहत राहिले.

मी हात वर नेला. टोक तिथं होतं, अजून ओलं.