स्वयंपाकघराचं दार

"पुन्हा दार? अबू ताहिर, तुम्ही घर विकत घेतलंत की माझा जीव?" उम्म फरीद फोनवर कडाडल्या. "चौकटीला साबण घासा. किती वेळा सांगू?"

त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनचा स्पीकर चालूच असे. त्यांची सून रुबा मसूर निवडत दोन्हीकडचं ऐकत होती. ती लग्न होऊन आली तेव्हापासून दर शुक्रवारी, दुपारची नमाज आटोपली की हा फोन यायचाच. सासूबाईंनी अलेप्पोतलं घर या बेकरीवाल्याला विकलं आणि सीमा ओलांडून इथे तुर्कस्तानात, मर्सिनला आल्या. घर मागे राहिलं, तक्रारी पाठोपाठ आल्या. कधी गच्ची गळायची, कधी हौद झिरपायचा.

"आणि तुमचं ते नारिंगाचं झाड!" अबू ताहिरने पलीकडून सुनावलं. " अंगणात फुलांचा नुसता सडा. झाडून झाडून कंबर मोडली."

"या दिवसांत फुलं? फळं म्हणा."

अबू ताहिरने घाईघाईने सुधारलं. "फळंच. शेजाऱ्यांकडे पडतात, ते भांडायला येतात. यंदा झाड तोडूनच टाकतो."

"हात तर लावून बघा! घर विकलंय मी, अक्कल नाही विकली. मुरंबा घालायचा सोडून झाडं कसली तोडता?"

फोन ठेवल्यावर सासूबाई धुसफुसत पानावर बसल्या. शुक्रवारी त्या दोन घास जास्तच जेवायच्या. एवढं भांडायच्या, पण अबू ताहिरच्या बायकामुलांची चौकशी कधी करायच्या नाहीत. रुबाला तो रागच वाटायचा.

"आई, हा माणूस तुम्हाला छळतो."

"विकणाऱ्याला ऐकून घ्यावं लागतं, पोरी."

रुबाचा नवरा फरीद इस्तंबूलच्या शिवणकारखान्यात होता, ईदपुरता घरी यायचा. बाकी वर्षभर या दोघीच. खाली गल्लीत तुर्की बोलली जायची. सासूबाईंना त्यातला एक शब्द कळत नसे. अशा परक्या गावातही या माणसाने त्यांना सुखाने राहू देऊ नये, याची रुबाला चीड आली. एके दिवशी सासूबाई झोपल्या असताना तिने त्यांच्या फोनवर अबू ताहिरचा नंबर ब्लॉक करून टाकला.

पुढच्या शुक्रवारी सासूबाई फोन मांडीवर घेऊन बसल्या. "रेंज आहे ना गं?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं. ताट तसंच राहिलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत. डॉक्टरला काही सापडलं नाही. पोटात मात्र चमचाभर सूपही ठरेना.

रुबा घाबरली. म्हातारीला त्या झाडाचीच काळजी लागली असणार. भाजीबाजारात तिला लमीस भेटली. सासूबाईंच्या अलेप्पोतल्या गल्लीत वाढलेली, नुकतीच इकडे आलेली.

"अबू ताहिरला सांगाल का? म्हणावं, घराचं काय ते एकदाचं मिटवा, पण झाड तोडू नका."

लमीसने हातातली पिशवी खाली ठेवली. "कुठलं घर? भूकंपात अख्खी गल्ली बसली की. तो पहाटे भट्टीवर होता म्हणून वाचला. बायको, मुलगा ताहिर, धाकट्या पोरी... सगळे आत होते."

घरी येताना जिन्यातच रुबाने लमीसकडून घेतलेल्या नंबरवर अबू ताहिरला फोन लावला.

"कुठल्या दाराची तक्रार करता हो तुम्ही? एका म्हातारीला फसवता? घर अजून उभं आहे असं समजून त्या झुरताहेत इथे!"

पलीकडे भट्टीची घरघर ऐकू येत होती.

"त्यांना ठाऊक आहे, पोरी," अबू ताहिर म्हणाला. "मी ढिगाऱ्यापाशी बसून होतो. अन्न नाही, कुणाशी बोलणं नाही. तेव्हा त्यांचा फोन आला. म्हणाल्या, 'अबू ताहिर, घर विकताना एक सांगायचं राहिलं. स्वयंपाकघराचं दार जरा अडकतं. दर शुक्रवारी फोन करून मला सांगत जा.'"